आधी ऐक, मग वाजव : वेंगुर्ल्याच्या एका सॅक्सवाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा वेंगुर्ल्याजवळच्या गावचा, वय तेवीस. चार वर्षं बेंजो पार्टीत आणि लग्नाच्या बँडमध्ये ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो. गेल्या वर्षी गोव्यात एका हॉटेलात जॅझ वाजवणारा ग्रुप ऐकला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. त्याला सेशन म्युझिशियन, म्हणजे स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणारा वादक, व्हायचंय आणि जॅझही वाजवायचंय. विचारतो की एकच स्टाइल धरून बसू की सगळं शिकू, मुंबईला जावंच लागेल का, आणि यावर घर चालतं का. बाबा म्हणतात, आयटीआय झालंय, नोकरी बघ.

तू माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून ‘तू’ म्हणतो. मी सावंतवाडीकडचा. एकतीस वर्षं मुंबईत सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि फ्लूट वाजवून संसार केला. सिनेमा, मालिका, जाहिराती, भावगीतांचे अल्बम, ऑर्केस्ट्रा, रात्री हॉटेलात जॅझ, सगळं वाजवलं. आता सहा वर्षं गावी आहे आणि इथूनच काम करतो.

तुझे प्रश्न तीन दिसतात, पण माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे : हे कुणाच्या शेजारी बसून शिकायचं? मी मुंबईला गेलो तेव्हा काम तिथेच होतं, म्हणून जावं लागलं. आता काम ईमेलने घरी येतं, शिकणं मात्र येत नाही. म्हणून माझं उत्तर असं, की घर सोडायचंच असेल तर शिकण्यासाठी सोड. कामासाठी सोडायची गरज पूर्वीएवढी राहिलेली नाही.

यातलं बरंच तुझ्या परिस्थितीवर आहे. मी तुला ऐकलेलं नाही. घरी कर्ज आहे का, बहिणीचं लग्न व्हायचंय का, मुंबईत कुणा नातेवाइकाकडे पथारी टाकायला जागा आहे का, या गोष्टींनी उत्तर बदलतं. मी गेलो तेव्हा लालबागला मामाची खोली होती. ती नसती तर पहिलं वर्षही निघालं नसतं.

आधी सेशनवाला म्हणजे कोण ते बघू. दुसऱ्याच्या गाण्यात, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या पैशात, त्याला हवं ते वाजवून देणारा माणूस. ‘पिंक पँथर’ची धून तुला नक्की माहीत असेल. १९६३ च्या त्या सिनेमासाठी हेन्री मॅन्सिनीने ती रचली. तिच्यातला दबक्या पावलांनी येणारा टेनर सॅक्सोफोन प्लास जॉन्सनचा आहे. सूर जगाला पाठ आहे, नाव वाजवणाऱ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पोस्टरवर नाव हवं असेल तर स्वतःचा बँड काढ, तो मार्गही चांगलाच आहे. पण सेशनमध्ये आनंद वेगळ्या जागी असतो. गाणं पूर्ण होऊन कानावर येतं आणि आपल्या आठ बारांनी (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) ते उभं राहिलंय हे आपल्याला कळतं. मला तो आनंद पुरला.

जॅझवाल्यांना हे काम जमतं, कारण त्यांना ऐकून लगेच उत्तर द्यायची सवय असते. मिल्ट हिंटन या अमेरिकन बासवाल्याचं उदाहरण मी शिष्यांना नेहमी देतो. जन्म १९१०, मृत्यू २०००. शिकागोत व्हायोलिन शिकला. पण मूकपट संपून बोलपट आले, थिएटरमधल्या वाद्यवृंदांच्या नोकऱ्या गेल्या, आणि काळ्या व्हायोलिनवाल्याला इतर वाद्यवृंदांची दारं बंद होती. तेव्हा तो डबल बासकडे वळला. १९३६ ते १९५१ कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये होता. तिथून सुटल्यावर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत शिरला आणि जगात सर्वांत जास्त रेकॉर्डिंगवर वाजवलेल्या जॅझ बासवाल्यांत त्याची गणना होते. जॅझ, पॉप, जाहिराती, सगळीकडे तोच माणूस. वाद्य बदलावं लागलं तेव्हा त्याने रडत न बसता बदललं आणि मग त्या एका वाद्याचा आवाज आयुष्यभर घोटला. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात घे.

आपल्या शेजारी तर याची मोठी परंपराच आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे सूर डो-रे-मी अशा नावांनी गाऊन वाचायची पद्धत, आणि व्हायोलिन शिकवायचे. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली. रात्री ताजसारख्या हॉटेलांत जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असं त्यांचं आयुष्य होतं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रम्पेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांचा सहायक होता. १९५१ च्या ‘अलबेला’त जो स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, ऐकू येतो, त्यात त्याचा वाटा आहे. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी अरेंजिंग करत, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवत. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, सरगमीत सांगायचा, आणि हे लोक ती कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवायचे. वाचता येणं हीच त्यांची भाकरी होती.

गोव्याबाहेरचेही होतेच. मनोहारी सिंग कोलकात्याहून आले. सॅक्सोफोन, फ्लूट आणि मँडोलिन वाजवायचे, पुढे आर. डी. बर्मनचे अरेंजर झाले. केरसी लॉर्ड अकॉर्डियन, व्हायब्राफोन, तालवाद्यं आणि नंतर सिंथेसायझर वाजवायचे. १९६८ साली शंकर-जयकिशनचा ‘रागा जॅझ स्टाइल’ निघाला, अकरा रागांवर अकरा तुकडे, सतारीवर रईस खान आणि सॅक्सवर मनोहारी सिंग. तो महिनाभर ऐक. वाजवू नकोस, नुसता ऐक.

आता तुझा पहिला प्रश्न. एकच स्टाइल की सगळ्या?

बेंजो पार्टीतून आलेल्या मुलांचं नेहमी एक होतं. त्यांना पाचशे गाणी येतात, पण सगळी एकाच आवाजात. स्टाइल गाण्यांच्या संख्येत मोजू नकोस. ती चार ठिकाणी असते : सूर कसा सुरू करतोस, तो थरथरतो किती, ठेक्याच्या किती मागे किंवा पुढे ठेवतोस, आणि सोडतोस कसा. जुन्या बॉलरूमच्या गाण्यात सॅक्सचा सूर सुरुवातीपासून भरभर थरथरतो. जॅझ बॅलडमध्ये, म्हणजे संथ गाण्यात, तो आधी सरळ धरतात आणि शेवटी हळूच हलवतात. फंकमध्ये, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या नाचाच्या संगीतात, तीन फुंकवाद्यं एकत्र वाजतात तिथे कंप अजिबात नको, सूर चाकूने कापल्यासारखा तुटला पाहिजे. मराठी भावगीतात ओठ सैल सोडून खालून मींड घेतलीस तर गाणं सुंदर उठतं, पण ती दर सुरावर घेतलीस की ऐकणारा वैतागतो. आणि लग्नाच्या बँडमध्ये तू जे करतोस, दणक्यात सुरू आणि दणक्यात बंद, ते वरातीत बरोबरच आहे. दोनशे माणसं आणि ताशा यांच्यावरून तुला ऐकू जायचंय. तीच सवय मायक्रोफोनसमोर मारते.

म्हणून आधी एक आवाज कमव. रोज सकाळी अर्धा तास लांब सूर, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत, ट्यूनर (सूर बरोबर लागला का ते दाखवणारं यंत्र) समोर ठेवून. मी आजही करतो. तो आवाज तुझा झाला की त्याला कपडे वेगवेगळे घालता येतात. ज्यांच्याकडे तो नाही ते सगळ्या स्टाइलची नक्कल करतात आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ते पहिल्या मिनिटाला कळतं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तूही करशील. मुंबईत सहा-सात वर्षं झाली होती, बोलावणी नियमित येत होती. एका मालिकेच्या शीर्षकगीतासाठी बोलावलं. मला मध्ये आठ बार दिले होते आणि कडव्यामागे ‘थोडं काही भर’ असं सांगितलं होतं. त्या दिवसांत मी जॅझ फार ऐकत होतो, बोटं फिरत होती. मी भरलं. गायिका श्वास घेईल तिथे भरलं, ती सूर लांबवेल तिथेही भरलं. संगीतकार म्हणाले, छान. पैसे मिळाले. त्यानंतर सात महिने त्यांच्याकडून फोन नाही, आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी दोघांकडूनही नाही. पुढे त्यांच्या अरेंजरने सांगितलं, “तिला गायला जागाच ठेवली नाहीस. मिक्समध्ये तुझं अर्धं काढून टाकलं.” सेशनमध्ये कुणी ओरडत नाही. पुढचा फोन येत नाही, एवढंच होतं.

त्याच वर्षी मी जत्रेला गावी आलो. रात्री दशावतार होता. त्यात संवाद लिहिलेले नसतात, हे तुला माहीत आहे. नट उभ्या उभ्या बोलतो, आणि पेटी, मृदंग, झांज यांना त्याच्याबरोबर राहायचं असतं. मी रात्रभर पेटीवाल्या म्हाताऱ्याकडे बघत बसलो. तो बोटांकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे नटाच्या तोंडावर. राजा गर्जत होता तेव्हा हात भात्यावर नुसता ठेवलेला. राजाचा आवाज जिथे खाली आला तिथे एक सूर दिला, एकच, आणि पुढचं पद त्या सुरावर उभं राहिलं. पहाटे चहा पिताना मी त्यांना माझं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, “झिला, आदी आयक, मगे वाजय.” मुंबईच्या इतक्या वर्षांत हे मला कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक गाणं वाजवण्याआधी दोनदा ऐकायचो, एकदा फक्त गाणाऱ्याचा श्वास ऐकण्यासाठी. हळूहळू फोन परत यायला लागले.

तुझ्या गावात हे शिक्षण दर जत्रेत फुकट मिळतं. जाऊन बस, मोबाइल खिशात ठेवून.

वाचनाबद्दल थोडं. तू लिहिलंयस की नोटेशन येत नाही, कानाने पकडतोस. कान चांगला असणं मोठी गोष्ट आहे, पण जिथे कागद समोर येतो आणि वीस मिनिटांत वाजवायचं असतं तिथे कान पुरत नाही. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी कर. वेंगुर्ल्याहून ते लांब नाही. एका वर्षात मध्यम वेगाचं वाचन येतं.

सोबत पट्टीचा हिशोब तोंडपाठ हवा. ऑल्टो सॅक्स ई फ्लॅटचं वाद्य आहे, म्हणजे त्यावर सीची बोटं धरली की ई फ्लॅट ऐकू येतो. गायिका काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल तर ऑल्टोवर तुझा सा काळी पाचच्या बोटांचा होतो. टेनर बी फ्लॅटचा, त्यावर तोच सा काळी दोनचा. बाराही पट्ट्यांचा हा हिशोब झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. स्टुडिओत गायक ऐन वेळी म्हणतो, घसा बसलाय, अर्धी पट्टी उतरवा. तेव्हा कॅलक्युलेटर काढायला वेळ नसतो.

आणि जॅझ? जॅझची पहिली अडचण आपल्या मानेत असते. आपण समेवर मान हलवतो. स्विंगमध्ये चार ठोक्यांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यावर वजन असतं, ड्रमवाल्याचा हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, तिथे मिटतो. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) निम्म्या वेगावर लाव आणि त्याची प्रत्येक टिक दोन आणि चार आहे असं समजून वाजव. पहिले पंधरा दिवस तोल जाईल. मग एका दिवशी अचानक पाय बरोबर पडेल आणि त्या दिवशी तुला हॉटेलात ऐकलेला ग्रुप आतून कळायला लागेल. त्यानंतर बारा बारचा ब्लूज, तीन कॉर्डांचा, सगळ्या पट्ट्यांत. मोठे सोलो पाठ करायची घाई नको. एका चांगल्या वादकाचे फक्त चार बार घे, आधी तोंडाने म्हण, मग वाजव. बोलीसारखं आहे हे. मालवणी आपण पुस्तकातून शिकलो नाही.

दुसरा प्रश्न, मुंबई. मी स्टुडिओत शिरलो तेव्हा एका खोलीत तीस-चाळीस वादक एकत्र वाजवताना पाहिलेत. चूक झाली तर सगळ्यांना पहिल्यापासून. पण तिथे शेजारी बसलेला ज्येष्ठ माणूस रीड, म्हणजे मुखाजवळची वेताची पट्टी, कशी ओली करतो, कुठे श्वास घेतो, रागावलेल्या संगीतकाराला काय उत्तर देतो, हे सगळं दिसायचं. माझं अर्धं शिक्षण त्या खुर्च्यांवर झालं. आता बरेचदा वादकाला एकट्याला बोलावतात, किंवा फाइल पाठवतात. त्या खुर्च्या उरल्या नाहीत, म्हणून शेजार तुला मुद्दाम शोधावा लागेल. माझ्या हिशोबाने गोवा आधी, मुंबई नंतर. नोव्हेंबर ते मार्च गोव्यात हॉटेलांचा हंगाम असतो. एखाद्या ग्रुपमध्ये बदली वादक म्हणून शीर, कमी पैशात का होईना, पण तुझ्यापेक्षा चांगल्या लोकांत. दोन हंगाम झाले, वाचन आलं, की मुंबईत दोन-तीन वर्षं. तुतारी किंवा कोकणकन्या एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथे. कायमचं जातोय असं मनात धरू नकोस, घरच्यांनाही तसं सांगू नकोस.

परत आल्यावर घरून काम कसं करायचं, हे मी चुका करत शिकलो. आमचं घर चिऱ्याचं, वर कौलं. पावसाळ्यात कौलांवरचा आवाज मायक्रोफोनमध्ये असा शिरतो की चार महिने बाहेरची खोली निरुपयोगी. पत्रा असेल तर विचारूच नको. मी माजघरात रेकॉर्डिंग करतो. वर माळा, बाहेरच्या दोन भिंती लांब, एका बाजूला भाताची पोती, दोन भिंतींवर आईच्या गोधड्या. पोती आणि गोधड्या आवाज गिळतात, खोली कोरडी ऐकू येते, आणि समोरच्याला तेच हवं असतं. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तो घालेल, तू घालू नकोस. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, त्याने वेगळं सांगितलं नसेल तर. सुरुवात त्याच्या ट्रॅकच्या शून्यापासून, म्हणजे त्याने तुझी फाइल ओढून टाकली की आपोआप जागेवर बसली पाहिजे. दोन टेक पाठव, एक सांगितला तसा आणि एक तुझ्या मनाचा. पाच पाठवू नकोस, निवडायचा त्रास त्याला का? वीज जाते, त्यामुळे इन्व्हर्टर लागतोच, आणि फाइल वेळेआधी एक दिवस पाठवायची सवय लागते.

वाद्याची काळजी इथे मुंबईपेक्षा जास्त घ्यावी लागते. सॅक्सचे पॅड चामड्याचे, सर्द हवेने फुगतात आणि चिकटतात. आतल्या सुईसारख्या स्प्रिंगा पोलादाच्या, खाऱ्या वाऱ्याने गंजतात. वाजवून झाल्यावर आतून कापड ओढ, चिकटणाऱ्या पॅडखाली पातळ कागद दाबून काढ, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या महिन्याला बदल. पावसाळ्यात पेटी बंद करून आठ-आठ दिवस ठेवलीस तर बुरशी येणारच. दातांकडेही बघ. ओठांची पकड दातांवर टेकलेली असते. माझा पुढचा एक दात पडला तेव्हा आवाज परत मिळवायला पाच महिने लागले.

आता घर चालतं का. माझं चाललं, पण एका प्रकारच्या कामावर कधीच नाही. सेशन, हॉटेल, शिकवण्या, लग्नं, यातलं काही ना काही चालू असायचं आणि पत्नीची शाळेतली नोकरी होती. तिच्या पगारावर घर उभं होतं आणि माझ्या पैशांवर वाढलं, असं मी प्रामाणिकपणे सांगतो. सेशनचे पैसे बहुधा एकदाच मिळतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने वादक-गायकांच्या हक्कांना कायद्यात बळ दिलं आहे, पण काय ठरलं ते कागदावर नसेल तर तुला दाखवायला काही नसतं. निदान मेसेजमध्ये तरी रक्कम, कामाचं स्वरूप आणि नाव छापलं जाईल की नाही हे लिहून घे. काम सुरू होण्याआधी.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. कुडाळच्या एमआयडीसीत सकाळपाळीची नोकरी मिळत असेल तर ती घेऊनही संध्याकाळी तीन तास रियाज होतो, शनिवार-रविवार गोवा होतो. मी असं एक वर्ष काढलंय, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. पोट शांत असलं की माणूस चुकीची कामं नाकारू शकतो. बाबांना ‘नोकरी करणार नाही’ असं सांगू नकोस. दोन वर्षांची मुदत माग, आणि या दोन वर्षांत काय शिकणार ते त्यांना एका कागदावर लिहून दे.

शेवटी एक काम देतो. तुला पाठ असलेलं कोणतंही एक गाणं घे आणि त्याचे फक्त आठ बार तीन वेळा रेकॉर्ड कर. एकदा वरातीत वाजवतोस तसे. एकदा भावगीतासारखे, गाणारी बाई समोर आहे असं समजून. एकदा स्विंगमध्ये, दोन आणि चारवर मेट्रोनोम लावून. सूर तेच, एकही जास्त नको. मोबाइलवर केलंस तरी चालेल. तीन महिन्यांनी ते इथे टाक. मी ऐकेन आणि कुठल्या बारमध्ये काय झालं ते लिहीन.